शिकारी किड्याचं आतडं: आहाराचा पेशींवरचा परिणाम कसा तपासायचा? नागपुरातल्या नव्या अभ्यासकांसाठी

एम.एस्सी.च्या प्रकल्पाची वेळ आली की नागपूरची बरीच मुलं-मुली मित्रकीटकांकडे वळतात. त्याचं कारण आपल्या आसपासच आहे. एका बाजूला कापूस, सोयाबीन आणि तूर, दुसऱ्या बाजूला काटोल-नरखेड-कळमेश्वरच्या संत्राबागा, आणि या सगळ्यात मावा, तुडतुडे, अळ्या आणि त्यांना खाणारे शिकारी किडे. पण यातले बहुतेक प्रकल्प 'एका किड्याने दिवसात किती मावा खाल्ला' या मोजणीवर येऊन थांबतात. खाल्लेल्या अन्नाचं पुढे काय होतं, हे फार थोडे जण बघतात. ते बघायला कोट्यवधींची यंत्रं लागत नाहीत. कॉलेजातला मायक्रोटोम (अतिपातळ काप, म्हणजे छेद, घ्यायचं यंत्र), बऱ्यापैकी सूक्ष्मदर्शक आणि शिस्त एवढ्यावर सुरुवात होते. यातली शिस्त सगळ्यात अवघड, म्हणून हा लेख बराचसा तिच्याबद्दल आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनावर ठसवून घ्या. आतड्याची पेशी तासागणिक बदलते. जेवणानंतर दोन तासांनी ती वेगळी दिसते, दोन दिवसांनी वेगळी. त्यामुळे 'या आहाराने पेशी अशी होते' असं म्हणण्याआधी शेवटचं खाणं कधी झालं होतं, हे माहीत असायलाच हवं. ते नसेल तर तुमचा निष्कर्ष आहाराबद्दल आहे की वेळेबद्दल, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आतड्याची रचना आधी समजून घ्या

कीटकाच्या आतड्याचे तीन भाग असतात. पुढचं आणि मागचं आतडं ही बाहेरच्या कातडीचीच आत वळलेली घडी आहे. त्यांना आतून क्युटिकलचा थर असतो आणि किडा कात टाकतो तेव्हा हा थरही निघून जातो. मधल्या भागाला, म्हणजे मिडगटला, हा थर नसतो. पचनाचा आणि शोषणाचा मुख्य कारभार तिथेच चालतो, आणि आपल्याला बघायच्या पेशीही तिथल्याच.

मिडगटमध्ये सर्वाधिक संख्या उभट पचनपेशींची असते. त्यांच्या आतल्या टोकावर मायक्रोव्हिलाय असतात, गालिच्याच्या लवेसारखी दाट किनार. पेशीच्या तळाशी पटलाला खोल घड्या पडलेल्या असतात आणि शोषलेलं अन्न तिथून रक्तात, म्हणजे हिमोलिम्फमध्ये उतरतं. उभ्या पेशींच्या पायाशी छोट्या, गडद केंद्रकाच्या पुनर्जनन पेशी पुंजक्यांनी बसलेल्या असतात. जुन्या पेशी झडल्या की यांच्यातूनच नव्या तयार होतात. याखेरीज विखुरलेल्या संप्रेरक पेशी असतात. साध्या रंगाने त्या ओळखणं कठीण, म्हणून पहिल्या प्रयोगात त्यांच्या मागे लागू नका.

शिकारी ढेकणांत (घरात चावणारे ढेकूण नव्हेत, शेतात अळ्या खाणारे त्यांचे भाऊबंद) एक वेगळेपण आहे. भुंगेरे आणि अळ्या यांच्यात बहुधा अन्न आणि पेशी यांच्यामध्ये पेरिट्रॉफिक पडदा असतो. ढेकूणवर्गात तो नसतो. त्याऐवजी मायक्रोव्हिलायवरच पेरिमायक्रोव्हिलर पटल नावाचं स्निग्ध आवरण असतं. याचा संबंध त्यांच्या पूर्वजांशी जोडला जातो. ते झाडांचा रस पीत असत. पातळ रसात प्रथिनं पचवण्याचं काम फारसं नव्हतं, त्यामुळे पचनातले ट्रिप्सिनसारखे विकर मागे पडले. पुढे यातल्या काही शाखा पुन्हा मांसाहाराकडे वळल्या तेव्हा पेशीच्या आतल्या सफाईसाठी असलेले कॅथेप्सिन जातीचे विकर आतड्याच्या कामाला लागले. आज सोयाबीनवर अळी फस्त करणाऱ्या ढेकणाच्या आतड्यात हा सगळा इतिहास दिसतो. मला हा भाग इतका विलक्षण वाटतो की नव्या मुलांना तो सांगितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

आणखी एक. शिकारी ढेकूण अळीला सोंड खुपसून लाळ आत सोडतो, त्या लाळेने अळीचं मांस विरघळतं आणि तो ते शोषून घेतो. म्हणजे पचनाचा पहिला टप्पा शिकारीच्या अंगातच पार पडतो. आतड्यात पोचतं ते अर्धवट पचलेलं द्रव. त्यामुळे ढेकणाच्या आतड्यात अळीचे तुकडे शोधत बसू नका.

पहिली पायरी: किडा निवडणं

नवख्यांसाठी मी कॅन्थेकोना ढेकूण सुचवेन. शास्त्रीय नाव इओकॅन्थेकोना फर्सेलाटा. खांद्याला दोन्ही बाजूंनी काटे, तपकिरी अंग, लांबी सेंटिमीटरभराहून थोडी जास्त. खरिपात सोयाबीनवर उंटअळी किंवा तंबाखूवरची पानं खाणारी अळी सोंडेवर टोचून बसलेला दिसतो. सागाची पानं खाणाऱ्या अळ्यांवरही तो असतो. अंग मोठं असल्यामुळे आतडं सहज हाती लागतं आणि त्याचे पुढचा, मधला, मागचा असे भाग डोळ्यांना वेगळे कळतात. ब्राझीलमध्ये पोडिसस आणि ब्रॉन्टोकोरिस या त्याच्या नातलगांच्या आतड्यांवर भरपूर काम झालेलं आहे, त्यामुळे ताडून बघायला वाचनसाहित्यही मिळतं. तिथे हे ढेकूण टेनेब्रियो भुंगेऱ्याच्या कोषांवर आणि निलगिरीच्या झाडांवर वाढवतात.

कॅन्थेकोना मिळालाच नाही तर ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड भुंगेरा, घ्या. हिवाळ्यात चवळी, मोहरी आणि करडईवरच्या माव्यात तो हमखास सापडतो.

क्रायसोपाची, म्हणजे जाळीदार पंखांच्या हिरव्या मित्रकीटकाची, अळी वाढवायला सोपी म्हणून मुलं तिच्याकडे ओढली जातात. (जुन्या मराठी पुस्तिकांत तिचं नाव क्रायसोपर्ला कार्निया असं असतं. भारतातल्या या प्रजातीला आता क्रायसोपर्ला झास्त्रोवी सिलेमी म्हणतात.) पण पहिल्या प्रयोगासाठी ती नको. या अळीचं मिडगट मागच्या आतड्याला जोडलेलंच नसतं. अळीपणात साचलेली घाण आत तशीच राहते आणि प्रौढ झाल्यावर एकदाच बाहेर टाकली जाते. तिच्या आतड्यातला काळपट गोळा ही नेहमीची गोष्ट आहे. नवखा माणूस तो रोग किंवा विषबाधा समजतो. शिवाय प्रौढ क्रायसोपर्ला शिकार करतच नाही, तो परागकण, मकरंद आणि माव्याचा चिकटा खातो. एकाच किड्याच्या दोन वयांत दोन अगदी वेगळे आहार, हा विषय सुंदर आहे, पण तो दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

दुसरी पायरी: गोळा करणं आणि एक पिढी घरची वाढवणं

कॅन्थेकोनासाठी ऑगस्ट ते ऑक्टोबर हे महिने चांगले. ज्या शेतात जाल तिथल्या शेतकऱ्याला विचारूनच आत पाऊल टाका, आणि शेवटची फवारणी कधी झाली आणि कशाची, हे वहीत लिहा. वनजमिनीवर परवानगीशिवाय काहीही गोळा करायचं नाही.

शेतातून आणलेला किडा थेट प्रयोगात वापरू नका. त्याने काय खाल्लं, कुठलं औषध त्याच्या अंगावर पडलं, त्याचं वय किती, यातलं काहीच आपल्याला ठाऊक नसतं. त्याच्यापासून अंडी घ्या आणि त्या अंड्यांतून निघालेली पिढी प्रयोगाला वापरा. मादी पुंजक्याने अंडी घालते. पिल्लांच्या पाच अवस्था असतात. पहिल्या अवस्थेतली पिल्लं शिकार करत नाहीत, घोळका करून बसतात आणि पाणी किंवा झाडाचा रस पितात. तेव्हा त्यांच्या डबीत ओला कापूस आणि एखादी कोवळी शेंग पुरते. दुसऱ्या अवस्थेपासून अळ्या द्या. या वयापासून उपाशी राहिली तर ती एकमेकांनाही खातात, म्हणून गर्दी करू नका. प्रौढ व्हायला साधारण तीन आठवडे लागतात.

शिकार म्हणून तांदळावरच्या पतंगाच्या, म्हणजे कॉर्सायराच्या अळ्या सगळ्यात सोयीच्या. जाडीभरडी ज्वारी, त्यात थोडी शेंगदाण्याची पूड आणि यीस्ट घातलं की त्या छान वाढतात. ज्वारी आधी तापवून घ्या, नाहीतर धान्यातले सोंडे तुमच्या अळ्यांआधी मेजवानी उडवतील. कॉर्सायरा आणि मित्रकीटकांचे वाण बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोकडून मिळतात. नागपुरात वर्धा रोडवरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि कृषी महाविद्यालय इथे कीटकशास्त्राची माणसं आहेत. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन, आधी वेळ ठरवून जा.

तापमानाचं काय? 25 ते 27 अंश सेल्सिअस आणि 65 ते 70 टक्के आर्द्रता हे लक्ष्य ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत आणि त्याहीवर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. तेव्हा साध्या खोलीत पैदास टिकत नाही. कूलरने ओलावा मिळतो, पण तापमान हवं तितकं खाली येत नाही, आणि पावसाळ्यात त्याच कूलरने डब्यांत बुरशी धरते. म्हणून जुलैत सुरुवात करून फेब्रुवारीपर्यंत किड्यांचं काम उरकायचं, असं वेळापत्रक आखा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पिल्लांची वाढ रेंगाळते. तेव्हा थर्मोस्टॅट लावलेली बल्बची पेटी उपयोगी पडते.

तिसरी पायरी: आहाराचे गट आणि घड्याळ

पहिल्या प्रयोगात तीनच गट ठेवा. एका गटाला फक्त कॉर्सायराच्या अळ्या आणि पाणी. दुसऱ्याला अळ्या आणि सोबत सोयाबीनची किंवा चवळीची कोवळी शेंग. तिसऱ्याला फक्त शेंग आणि पाणी. हे ढेकूण शिकारी असले तरी झाडाचा रसही पितात, पाण्यासाठी आणि काही प्रमाणात पोषणासाठी. शिकार दुर्मीळ असते तेव्हा झाडावर ते तग धरतात, पण त्यावर धड अंडी घालू शकत नाहीत. मग शेंग मिळाल्यावर आतड्याच्या पेशीत नेमकं काय बदलतं? शेतातही ढेकणाला कधी अळी मिळते, कधी नुसतं झाड. त्यामुळे या प्रश्नाला शेतातही मोल आहे.

आता घड्याळ. सगळ्या गटांत एकाच वयाच्या माद्या घ्या. उदाहरणार्थ, प्रौढ होऊन पाच दिवस झालेल्या. नर आणि माद्या मिसळू नका. अंडी तयार होत असलेल्या मादीची भूक आणि तिच्या आतड्यावरचा ताण वेगळा असतो. सगळ्यांना 24 तास फक्त पाण्यावर ठेवा, म्हणजे प्रत्येकीची सुरुवात एकाच ठिकाणाहून होईल. मग ठरलेला आहार ठरलेल्या वेळेत द्या, समजा दोन तास, आणि काढून घ्या. प्रत्येक मादीचं खाण्याआधीचं आणि नंतरचं वजन घ्या. जिचं वजन वाढलं नाही ती जेवलेली नाही. तिला बाजूला काढा. हे वजन टाळण्याचा मोह फार होतो, कारण ते कंटाळवाणं काम आहे. ते टाळलं तर आहाराच्या गटात उपाशी माद्या मिसळतात आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते.

त्यानंतर 6, 24, 48 आणि 72 तासांनी प्रत्येक गटातल्या निदान पाच-सहा माद्यांची आतडी काढा. एक तुकडी खाण्याच्या आधीचीही हवी. हिशेब केला तर एकूण माद्या सत्तर ते नव्वदच्या घरात जातात. एवढं जमणार नसेल तर गट कमी करा, पण वेळा कमी करू नका.

शिकारीची शिकार काय खाऊन वाढली, याचीही नोंद ठेवा. ज्वारी-शेंगदाण्यावर पोसलेली कॉर्सायराची अळी आणि सोयाबीनच्या पानांवर वाढलेली अळी यांच्या अंगातली चरबी आणि प्रथिनं सारखी नसतात. सगळ्या गटांना एकाच डब्यातल्या, एकाच वयाच्या अळ्या द्या.

चौथी पायरी: आतडं बाहेर काढणं

मादीला बर्फावर ठेवलेल्या डबीत काही मिनिटं थंड करा. हालचाल थांबली की काळ्या मेणाच्या ताटलीत पाठ वर करून टाचण्यांनी रोवा आणि वरून 0.75 टक्के मिठाचं द्रावण ओता, म्हणजे एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात साडेसात ग्रॅम सोडियम क्लोराइड. बारीक कात्रीने पोटाच्या कडेने चीर द्या आणि पाठीचा पापुद्रा अलगद उचला. आधी दिसतील चांदीसारखे चमकणारे श्वासनलिकांचे धागे आणि पांढरट-पिवळे चरबीचे तुकडे. अंडी भरलेली मादी असेल तर बीजकोशांच्या खाली आतडं दडलेलं असतं. धागे एकेक करून तोडा. चिमट्याने आतड्याला मधे कधीच धरू नका. टोकाशी धरा, कारण चिमट्याखाली आलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली निरुपयोगी असतो.

पुढचा, मधला आणि मागचा भाग वेगळे कापून वेगळ्या कुप्यांत टाका. त्यांची कामं वेगळी, पेशींचं रूपही वेगळं, आणि एका गटाचा पुढचा भाग दुसऱ्या गटाच्या मागच्या भागाशी ताडणं ही नवख्यांची नेहमीची फसगत आहे. कुपीत पेन्सिलने लिहिलेली कागदाची चिठ्ठी घाला. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

पोट उघडल्यापासून आतडं फिक्सेटिव्हमध्ये (पेशी आहेत तशा टिकवणाऱ्या द्रावणात) पडेपर्यंत दोन-तीन मिनिटांच्या वर वेळ जाऊ देऊ नका. खाण्याच्या प्रयोगाला हात घालण्याआधी चार-दोन जादा किड्यांवर हात बसवून घ्या.

पाचवी पायरी: फिक्सेटिव्ह, मेण आणि रंग

बुआँ द्रावण चांगलं काम देतं. पिक्रिक ॲसिडचं संपृक्त द्रावण 75 मिली, फॉर्मालिन 25 मिली, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड 5 मिली. रात्रभर ठेवा, नंतर 70 टक्के अल्कोहोलमध्ये पिवळेपणा उतरेपर्यंत धुवा. पिक्रिक ॲसिड सुकलं तर स्फोटक असतं, ते कायम ओलं ठेवायचं. बाटलीच्या झाकणाभोवती कोरडे खडे दिसले तर हात न लावता प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सांगायचं. फॉर्मालिन आणि झायलीनचं काम धूर ओढणाऱ्या कपाटातच करा. हे घरी करायचं काम नाही.

त्यानंतर चढत्या टक्केवारीचं अल्कोहोल, झायलीन आणि 58 ते 60 अंशांचं पॅराफिन. आतडं इतकं लहान आणि पारदर्शक होतं की मेणात ते हरवतं. 90 टक्के अल्कोहोलमध्ये चिमूटभर इओसिन टाकलं तर ते गुलाबी दिसतं आणि ठोकळ्यात सरळ उभं बसवता येतं. पाच मायक्रोमीटरचे छेद घ्या. मार्चनंतर आपल्याकडे दुपारी मेण मऊ पडतं आणि छेद चुरगळतात. ठोकळा बर्फावर ठेवून सकाळीच कापा.

रचना बघायला हिमॅटॉक्सिलिन-इओसिन पुरेसं आहे. ग्लायकोजेन आणि इतर शर्करायुक्त पदार्थांसाठी पी.ए.एस. (पिरिऑडिक ॲसिड-शिफ) रंग द्या. त्यात एक युक्ती आहे. शेजारच्या छेदावर रंग देण्याआधी थोडा वेळ स्वतःची लाळ ठेवून धुवा. लाळेतला अमायलेज ग्लायकोजेन खातो. लाळेनंतर जो किरमिजी रंग नाहीसा होतो तो ग्लायकोजेनचा, जो टिकतो तो दुसऱ्या कशाचा तरी. चरबी मात्र मेणाच्या छेदात शोधू नका. अल्कोहोल आणि झायलीन ती विरघळवून नेतात. तिच्यासाठी फॉर्मालिनमध्ये ठेवलेल्या आतड्याचे गोठवलेले छेद घेऊन सुदान ब्लॅक द्यावा लागतो.

सहावी पायरी: काय बघायचं, कशाला फसायचं नाही

जेवणानंतरच्या पहिल्या तासांत पचनपेशी विकर तयार करण्यात आणि बाहेर सोडण्यात गुंतलेली असते. पुढे शोषलेल्या अन्नातून तिच्यात ग्लायकोजेन आणि चरबीचे थेंब साठतात. उपास लांबला की हा साठा वापरला जातो, मायक्रोव्हिलायची किनार आखूड होते आणि पेशी स्वतःचेच जुने भाग पोकळ्यांत घेऊन पचवू लागते. ही ढोबळ दिशा. तुमच्या किड्यात, तुमच्या आहारावर, यातला कुठला बदल कधी होतो, तेच तुम्हाला शोधायचं आहे. फक्त शेंगेवर ठेवलेली मादी 48 तासांनी उपाशी मादीसारखी दिसते की जेवलेल्या मादीसारखी? तिच्या पेशीत ग्लायकोजेन आहे का? शेंगेत शर्करा मिळते, प्रथिनं फारशी नाहीत. तेव्हा पी.ए.एस. आणि प्रथिनांसाठीचा ब्रोमोफिनॉल ब्लू हे दोन रंग शेजारी ठेवून बघा.

फसवणाऱ्या गोष्टी अनेक आहेत आणि त्या पुस्तकांत एका जागी सापडत नाहीत.

पेशीच्या टोकावर फुगे दिसले की मुलं आनंदाने 'स्राव' असं लिहितात. कधी ते खरं असतं. पण आतडं फिक्सेटिव्हमध्ये उशिरा पडलं तरी असेच फुगे येतात. म्हणून वेळेची नोंद हवी, आणि फुगे एका गटातल्या सगळ्या माद्यांत आहेत की एखाद-दोघींत, हे बघायला हवं.

पेशीतल्या पांढऱ्या भोकांना लगेच 'इजा' म्हणू नका. विरघळलेल्या चरबीची ती रिकामी जागा असू शकते. चांगलं पोसलेल्या किड्यात अशी भोकं उलट जास्त असतील. ते ठरवायला गोठवलेला छेद लागतो.

पेशीची उंची हे सर्वांचं आवडतं मोजमाप, आणि तेच सगळ्यात फसवं. पोट भरलं की आतडं फुगतं, भिंत ताणली जाते आणि पेशी चपट्या होतात. त्यात आहाराच्या गुणाचा काही संबंध नाही, नुसत्या आकारमानाचा परिणाम आहे. म्हणजे सहा तासांच्या तुकडीत जेवलेल्या मादीच्या पेशी उपाशी मादीपेक्षा बुटक्या निघू शकतात. उंचीबरोबर पोकळीचा व्यास आणि एका छेदातल्या केंद्रकांची संख्या मोजलीत तर हा घोटाळा उलगडतो. उंचीही फक्त अशाच पेशींची मोजा ज्यांचं केंद्रक दिसतं आणि ज्या सरळ उभ्या कापल्या गेल्या आहेत. तिरका छेद प्रत्येक पेशीला उंच करतो.

मायक्रोव्हिलायची किनार साध्या सूक्ष्मदर्शकात एक पट्टा म्हणून दिसते. एकेक मायक्रोव्हिलसची जाडी सुमारे 0.1 मायक्रोमीटर, आणि प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची वेगळेपणा दाखवण्याची सीमा 0.2 मायक्रोमीटरच्या आसपास. तेव्हा 'मायक्रोव्हिलाय तुटले आहेत' असं वाक्य इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवाय लिहू नका. 'किनारीची जाडी कमी झाली' एवढंच लिहा.

पुनर्जनन पेशींकडे विशेष लक्ष द्या. आहाराचा दूरचा परिणाम त्यांच्यात दडलेला असतो. फळमाशी ड्रोसोफिलाच्या आतड्यात मूलपेशी असल्याचं 2006 साली दाखवलं गेलं, आणि 2011 साली हेही कळलं की पोटभर अन्न मिळाल्यावर त्या पेशी इन्सुलिनसारख्या संकेताने विभागतात आणि आतडं चक्क वाढतं. ड्रोसोफिला शिकारी नाही, म्हणून ते निष्कर्ष आपल्या ढेकणावर जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत. पण प्रश्न विचारता येतो: 72 तासांनी, अळ्या खाणाऱ्या मादीत पुनर्जनन पेशींचे पुंजके मोठे आहेत का? एका ठरावीक लांबीत किती पुंजके, एका पुंजक्यात किती केंद्रकं, असं मोजा.

सातवी पायरी: मोजणी

स्लाइडवर गटाचं नाव लिहू नका. मित्राकडून सांकेतिक आकडे टाकून घ्या आणि मोजून झाल्यावरच यादी उघडा. डोळ्यांना जे हवं असतं ते दिसतं, आणि हे नवख्यांइतकंच जुन्यांनाही लागू आहे. मोजायला इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर आहे. सूक्ष्मदर्शकाच्या मोजपट्टीचा फोटो प्रत्येक भिंगावर काढून ठेवा.

एका मादीच्या शंभर पेशी मोजल्या म्हणजे शंभर नमुने झाले असं नाही. नमुना एक, ती मादी. तिच्या पेशींची सरासरी काढा आणि तो एक आकडा धरा. सहा माद्या म्हणजे सहा आकडे. प्रबंध तपासताना परीक्षक सगळ्यात आधी इथे बोट ठेवतात, आणि ते बरोबरच आहे.

विदर्भात हा विषय कशाला

2002 साली भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि विदर्भाचं शिवार त्याने व्यापलं. बीटीचं प्रथिन बोंडअळीच्या मिडगटच्या पेशींना चिकटून त्या फोडतं. मग अशा अळ्या खाणाऱ्या मित्रकीटकाच्या आतड्याचं काय, हा प्रश्न ओघानेच आला. 1998 साली स्वित्झर्लंडमध्ये बीटी मक्यावर वाढलेल्या अळ्या क्रायसोपर्लाच्या अळीला दिल्या तेव्हा ती जास्त प्रमाणात मेली. काळजी वाढली. पण 2002 मध्ये तिथेच असं दिसलं की मक्यावरच्या लाल कोळ्यांच्या अंगात ते प्रथिन अळ्यांपेक्षा कितीतरी जास्त होतं, तरी कोळी खाणारी क्रायसोपर्ला धडधाकट राहिली. 2004 मध्ये ते प्रथिन थेट पाजूनही तिला इजा झाली नाही. 2006 मध्ये स्पेनमधल्या अभ्यासकांनी तिच्या मिडगटचे छेद तपासले, तर पेशी शाबूत होत्या. अळ्यांवर वाढलेली क्रायसोपर्ला मरत होती ती बीटीने आजारी पडलेल्या अळ्यांच्या निकृष्ट मांसाने. विष आणि कुपोषण यांच्यातला हा फरक लागायला अनेक वर्षं आणि अनेक प्रयोग लागले, आणि त्यात आतड्याच्या पेशींचा थेट पुरावा मोलाचा ठरला.

तुमच्या प्रयोगातही हीच गल्लत होऊ शकते. एखाद्या आहारावर पेशी खराब दिसल्या तर त्या आहारात काहीतरी घातक होतं, की किड्याने तो खाल्लाच कमी? खाण्याआधी-नंतरची वजनं इथे कामाला येतात. शंका असेल तर एक जादा गट ठेवा. त्याला चांगली शिकार द्या, पण तेवढीच मोजून, जेवढी दुसऱ्या गटाने खाल्ली.

पहिला प्रयोग नीट पार पडला की हिवाळ्यासाठी पुढचा विषय रस्त्याच्या कडेला उभा आहे. रुईवरचा पिवळा मावा झाडाच्या चिकातली कार्डिनोलाइड जातीची विषं अंगात साठवतो. ही विषं पेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप अडवतात, आणि तो पंप आतड्याच्या पेशीलाही लागतो. काही शिकारी किड्यांना हा मावा मानवत नाही, काही तो खाऊन जगतात. ढालकिड्याच्या एका गटाला रुईचा मावा, दुसऱ्याला चवळीवरचा काळा मावा, तिसऱ्याला चवळीचाच मावा पण रुईच्या गटाने खाल्ला तेवढाच मोजून. वेळा त्याच, 6, 24, 48 आणि 72 तास. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. मावा गोळा करताना चष्मा आणि हातमोजे घाला आणि फांदी तोडण्याऐवजी ब्रशने मावा डबीत झटका.